अन्नवस्त्र आणि बालपरवेशी
(मुलांच्या पोषणाच्या नेमणुकींत काय काय मोडतें, याचा विचार)

जुन्या कागदांचा संग्रह करणारांस ‘अन्नवस्त्र’ हा शब्द नवा नाहीं. वांटणीपत्रें, निवाडपत्रें, फारखत्या, दत्तकासंबंधीं कागद अशा नाना प्रकारच्या लेखांत अमक्यानें अमक्यास अन्नवस्त्र चालवावें, असा मजकूर येतो. वाचणारा तो वाचून पुढें जातो. कारण दोन वेळचें जेवण व अंगावरचें वस्त्र एवढाच त्याचा अर्थ तो गृहीत धरतो. आम्हीहि पुष्कळ दिवस तसेंच करीत आलों. परंतु आईबापांपैकीं एकाच्या किंवा दोघांच्याहि छत्रास मुकलेल्या मुलाचें अन्नवस्त्र जेव्हां लिहून दिलें जातें, तेव्हां त्या दोन शब्दांत नेमका कोणकोणता खर्च मोडतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. मुलाच्या तापास वैद्य आणला तर त्याचा खर्च कोणी सोसावा? अक्षरओळखीस पंतोजी ठेवला तर? मुंजीचा, लग्नाचा खर्च नेमणुकींतूनच करावयाचा कीं वेगळा मागावयाचा? आणि आलेली रक्कम आईनें घरच्या सामाईक खर्चास लावली, तर ती मुलासच पोंचली असें म्हणावें कीं न म्हणावें? या प्रश्नांचीं उत्तरें शास्त्रग्रंथांतून, मराठी राज्याच्या व्यवहारांतून व अलीकडील कायद्यांतून कोठवर मिळतात, तें पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. संस्कृत ग्रंथांत यासाठीं ‘भरण’, ‘भर्म’, ‘ग्रासाच्छादन’ असे शब्द येतात. ग्रास म्हणजे घांस व आच्छादन म्हणजे पांघरूण. आपला ‘अन्नवस्त्र’ हा त्याचाच देशी जोडीदार. ‘पोटगी’ हा शब्द पोटावरून आला असल्यानें तो आणखीच अरुंद दिसतो. यांच्या उलट ‘बालपरवेशी’ हा पेशवाईच्या काळीं रूढ असलेला शब्द आहे. त्यांतील ‘परवेशी’ हा फारसी ‘परवरिश’ या शब्दाचा अपभ्रंश होय, आणि परवरिश म्हणजे नुसतें खाऊं घालणें नव्हे, तर पाळूनपोसून वाढविणें. एक शब्द पोटाकडे पाहतो व दुसरा वाढीकडे पाहतो. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याभोंवतीं फिरणार आहे.

आतां शास्त्रग्रंथ घेऊं. कौटिल्याचें अर्थशास्त्र इ. स. १९०९ मध्यें म्हैसूर येथें श्यामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं हा विषय केवळ धर्मशास्त्रापुरता आहे अशी समजूत असल्यास नवल नाहीं. परंतु या ग्रंथानें राजशासनाची बाजूहि उघड केली. ऐपत असून जो मनुष्य आपलीं मुलें, बायको, आईबाप, अज्ञान भाऊ व अविवाहित किंवा विधवा बहिणी यांचें भरण करीत नाहीं, त्यास कौटिल्यानें बारा पण दंड सांगितला आहे. पतितांस त्यानें यांतून वगळलें आहे, पण त्यांतहि आईला वगळलेलें नाहीं. म्हणजे मुलांचें पोषण ही केवळ पुण्याची गोष्ट नसून न केल्यास दंडास पात्र होणारी गोष्ट होय, असें त्यानें ठरविलें.

परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचीं वचनें दुसरीकडे आहेत. राजाच्या कामावर असतां जे मेले, त्यांच्या बायकामुलांस भक्त व वेतन मिळावें, असें कौटिल्य सांगतो. भक्त म्हणजे शिधा व वेतन म्हणजे रोकड. येथवर अन्नवस्त्राचीच कक्षा झाली. पण तो तेथें थांबत नाहीं. त्या घरांतील बालक, वृद्ध व आजारी यांजवर राजानें विशेष अनुग्रह करावा आणि घरांत मृत्यु, दुखणें किंवा बाळंतपण आलें असतां त्या त्या प्रसंगीं द्रव्यानें व मानानें साह्य करावें, असें तो पुढें म्हणतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, नित्याचा खर्च व नैमित्तिक खर्च असे दोन वर्ग त्या काळींहि निराळे मानले जात. दुसरी, दुखण्याचा व बाळंतपणाचा खर्च नित्याच्या नेमणुकींत कोंबलेला नव्हता. तो प्रसंग येईल तेव्हां जास्तीचा द्यावयाचा असे.

दायविभागाच्या प्रकरणांतहि कौटिल्याची हीच रीत दिसते. भावांपैकीं कांहींचीं लग्नें झालीं असून कांहींचीं व्हावयाचीं असतील, तर झालेल्यांच्या खर्चाइतकाच लग्नखर्च न झालेल्यांस तोडून द्यावा, आणि मुलींच्याहि लग्नाची तरतूद करावी, असें त्यानें सांगितलें आहे. याज्ञवल्क्याचें मत याच धर्तीचें आहे. ज्यांचे संस्कार व्हावयाचे राहिले असतील, त्यांचे संस्कार आधीं संस्कार झालेल्या भावांनीं करावे, आणि बहिणींस आपल्या अंशांतून चौथा भाग देऊन उजवावें, असें तो म्हणतो. व्यंगामुळें ज्यांस वांटा मिळत नाहीं अशांच्या मुलींचें भरण तर त्या नवऱ्याच्या स्वाधीन होईपर्यंत करावें, असें त्याचें स्पष्ट सांगणें आहे. विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या काळीं, म्हणजे इ. स. च्या ११ व्या शतकाच्या अखेरीच्या व १२ व्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास, याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि तीच पुढें महाराष्ट्रांत प्रमाण मानली गेली. म्हणून हीं वचनें आपल्याकडे केवळ पोथींतलीं राहिलीं नाहींत, हें लक्षांत घेतलें पाहिजे.

विद्येविषयीं काय? येथें मनूचें एक वचन उपयोगी पडतें. अज्ञान मुलाचें धन राजानें कोठवर संभाळावें, याची मर्यादा सांगतांना तो मुलगा गुरूच्या घरून विद्या संपवून परत येईपर्यंत किंवा त्याचें बाल्य संपेपर्यंत, अशा दोन मर्यादा मनूनें घातल्या आहेत. पालनाची मुदतच जर विद्येच्या समाप्तीनें मोजली, तर विद्येचा काळ पालनांत मोडतो हें उघड आहे. नारदानें आठ वर्षांपर्यंतचें मूल गर्भस्थासारखें समजावें व सोळा वर्षांपर्यंत त्यास बाल म्हणावें, असें सांगितलें आहे. आणि कौटिल्यानें मुलगी बाराव्या व मुलगा सोळाव्या वर्षीं व्यवहारास योग्य होतो असें मानलें आहे. मुदतीचा हा आंकडा ग्रंथागणिक बदलेल, पण मुदत असते व ती मुलाच्या वाढीशीं बांधलेली असते, यांत कोणाचा मतभेद नाहीं.

राहण्याच्या जागेचा उल्लेख मात्र ग्रासाच्छादन या शब्दांत नाहीं. याचें कारण, आमच्या मतें, एकत्र कुटुंबाच्या रचनेंत आहे. मूल जन्मलें त्याच घरांत तें राहणार, हें इतकें गृहीत असे कीं तें लिहिण्याची गरज कोणास वाटली नाहीं. घर फुटून वांटणी झाली म्हणजे मात्र कोणास किती खण, हें कागदावर येतें. तेव्हां एखाद्या कागदांत अन्नवस्त्र लिहिलें व जागा लिहिली नाहीं, म्हणून जागा देण्याचें नव्हतें, असें अनुमान काढणें चुकीचें होय.

मराठी मुलुखांत मुसलमान रयतहि मोठी होती व तिचे या बाबतींतले तंटे तिच्या शरेच्या रीतीनें पाहिले जात. शरेंत ‘नफका’ या शब्दांत अन्न, वस्त्र व निवासस्थान हीं तिन्ही येतात, आणि मुलाच्या नफक्याचा भार मुख्यतः बापावर असतो. अंगावर पिणाऱ्या मुलाची आई निराळी झाली असेल, तर दूध पाजण्याबद्दल तिला मोबदला देणें हेंहि बापाचें कर्तव्य म्हणून कुराणांत सांगितलें आहे. ही गोष्ट आम्हांस फार मार्मिक वाटते. मूल संभाळणाऱ्या व्यक्तीच्या श्रमास व पोटास जें लागतें, तेंहि मुलाच्याच खर्चांत धरावयाचें, हें तत्त्व येथें निःसंदिग्धपणें मान्य केलेलें आहे.

आतां मराठी राज्याकडे वळूं. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेल्या बखरींत इ. स. १६५९ च्या अफझलखानाच्या प्रसंगानंतरची हकीकत आहे. लढाईंत जे लोक पडले, त्यांचे पुत्र होते तेथें पुत्रांस पुढें चालविलें, आणि पुत्र नव्हते तेथें बायकांस निमें वेतन करून दिलें, असें सभासद सांगतो. या एका वाक्याचा आशय फार खोल आहे. पुत्रास ‘चालविणें’ म्हणजे बापाची जागा त्याच्या नांवें राखून त्यास त्या योग्यतेचा करणें. आणि निमें वेतन म्हणजे घराची चूल विझूं न देणें. पुरुषाच्या पूर्ण वेतनांत त्याचें स्वतःचें खाणेंपिणें, हत्यार, स्वारीचा खर्च हें सर्व येई. तो खर्च गेल्यावर घराच्या वांट्याचें जें उरावयाचें तें निमें धरलें असावें, असा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

पुढें पेशवाईंत अशा नेमणुकीस बालपरवेशी हें नांव पडलेलें दिसतें. लढाईंत किंवा चाकरींत खपलेल्या मनुष्याच्या मुलांमाणसांस सरकारांतून जें द्यावयाचें तें बालपरवेशी. इ. स. १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर एका दिवसांत असंख्य घरें उघडीं पडलीं, तेव्हां या रीतीची कसोटीच लागली असली पाहिजे. खुद्द पेशवाईचा कारभार त्या वर्षीं सोळा वर्षांच्या माधवरावाकडे आला होता व त्याचे चुलते राघोबादादा कारभार पाहत होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पोरका मुलगा व त्याचा पालनकर्ता हा प्रश्न थोरामोठ्यांसहि सुटला नव्हता, हें दिसून येईल.

पानिपताच्या जखमांनींच मेलेला समशेरबहादर याचें उदाहरण येथें घेण्यासारखें आहे. थोरले बाजीराव व मस्तानी यांचा हा मुलगा इ. स. १७३४ मध्यें जन्मला आणि इ. स. १७४० मध्यें त्याचे आईबाप दोघेहि वारले. सहा वर्षांचें तें पोर पेशव्यांच्या घरांत वाढलें. त्याच्या जन्माविषयीं त्या काळच्या ब्रह्मवृंदाचें मत काय होतें तें सर्वांस ठाऊकच आहे. संस्काराचें कलम त्याच्या बाबतींत मोकळेंच राहिलें व तो मुसलमानी रीतीनें वाढला. परंतु बाकीचीं कलमें कोणीं नाकारलीं नाहींत. त्यास हत्यार चालविण्याचें व स्वारीशिकारीचें शिक्षण मिळालें, त्याचें लग्न झालें, तो सरदारांत गणला गेला आणि अखेर पेशव्यांच्याच झेंड्याखालीं लढून मेला. त्याच्या मागें राहिलेला लहानगा अलीबहादर हाहि तसाच वाढविला गेला. त्यानें पुढें बुंदेलखंडांत जाऊन बांद्याचें घराणें स्थापिलें. दोन पिढ्यांचें हें पालन नुसत्या अन्नवस्त्रावर झालेलें नाहीं. ज्या घरांत मूल जन्मलें, त्या घरच्या इतमामास शोभेल असें त्यास करून सोडणें, हा परवरिशीचा अर्थ येथें प्रत्यक्ष दिसतो. अर्थात् यांत राज्याचाहि स्वार्थ होता. लढवय्यांचीं घराणीं राखलीं तरच फौज राखली जाते, हें कारभारी जाणून होते. पण हेतु मिश्र असला म्हणून मुलास मिळालेलें खोटें ठरत नाहीं.

नेमणूक कोणत्या रूपानें दिली, यालाहि फार महत्त्व आहे. नक्त रक्कम, ऐनजिनसी धान्य व कापड, आणि जमिनीचें किंवा गांवचें उत्पन्न, असे तीन प्रकार कागदांत येतात. यांपैकीं नक्त रक्कम ही लिहावयास सर्वांत सोयीची, पण मुलाच्या दृष्टीनें सर्वांत धोक्याची. इ. स. १८०३-०४ मध्यें होळकरांच्या दंगलीनंतर पुणें व अहमदनगर या प्रांतांत जो भयंकर दुष्काळ पडला, त्या वेळीं ज्याच्या सनदेंत अमुक रुपये लिहिले होते त्याची सनद शाबूत राहून पोट मात्र रिकामें राहिलें असेल. ज्यास धान्याचें माप लिहून दिलें होतें, त्याची मागणी निदान मापाची तरी राहिली. आणि दुष्काळ न पडला तरी पांच वर्षांच्या मुलास पुरणारी रक्कम बारा वर्षांच्या मुलास पुरत नाहीं. म्हणून बालपरवेशीचा आंकडा वाचतांना मुलाचें वय व त्या सालची धारण या दोन्ही गोष्टी शेजारीं मांडल्याशिवाय तो पुष्कळ कीं थोडा, हें ठरवूं नये.

आतां, हा पैसा कोणाचा? कौटिल्यानें अज्ञान मुलाचा वांटा देणें वारून, म्हणजे कर्जांतून मोकळा करून, आईच्या नातलगांकडे किंवा गांवच्या वृद्धांकडे ठेवावा व तो जाणता होईपर्यंत त्यांनीं तो वाढवावा, असें म्हटलें आहे. धन मुलाचें व हात दुसऱ्याचा, ही कल्पना त्यांत स्वच्छ आहे. परंतु यावरून कांहीं जण असा अर्थ काढतात कीं, नेमणुकींतला प्रत्येक पैसा मुलाच्या अंगावर किंवा ताटांत दिसला पाहिजे. हें आम्हांस मान्य नाहीं. सांठवून वाढवावयाचें धन व रोज खर्चावयाचें भरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका चुलीवर शिजणाऱ्या अन्नांतून मुलाचा घांस वेगळा काढून त्याचें सरपण, मीठ व तेल मोजतां येत नाहीं. घराचें छप्पर शाकारलें तर तें मुलाच्या डोक्यावरचेंच छप्पर होय, आणि दिव्यांत तेल घातलें तर मूल त्याच उजेडांत अक्षरें गिरवितें. म्हणून सामाईक खर्चाचा वाजवी भाग मुलाच्या नांवें धरलाच पाहिजे. उलटपक्षीं, नेमणूक मुलाच्या नांवें घेऊन ती पालनकर्त्यानें आपल्या जुन्या कर्जांत किंवा चैनींत उडविली, तर तो सरळ अपहार होय. या दोहोंमधली रेषा काढण्यास मूळ सनद उपयोगी पडत नाहीं, घरचा जमाखर्चच लागतो.

इंग्रजी अमलांत हा विषय प्रथम अगदीं आंकडेवजा झाला. इ. स. १८९८ च्या फौजदारी व्यवहारसंहितेच्या ४८८ व्या कलमान्वयें, औरस असो वा अनौरस, स्वतःचें पोषण करूं न शकणाऱ्या मुलास बापाकडून दरमहा पन्नास रुपयांच्या आंत नेमणूक करून देण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. त्यांत कोणते खर्च येतात, हें कोठेंच सांगितलेलें नव्हतें. फक्त वरची मर्यादा सांगितली होती. इ. स. १९२३ मध्यें ती मर्यादा शंभर झाली व इ. स. १९५५ मध्यें पांचशें. मधल्या काळांत इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ व पहिल्या महायुद्धांतली महागाई येऊन गेली, तरी पन्नासाचे एकावन्न झाले नाहींत. इ. स. १९७३ च्या संहितेच्या १२५ व्या कलमांतहि पांचशेंचाच आंकडा कायम राहिला आणि तो इ. स. २००१ मध्यें काढून टाकण्यांत आला. इ. स. २०२४ च्या जुलैपासून या तरतुदीची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमानें घेतली आहे. नक्त आंकड्याचा जो धोका आम्हीं वर सांगितला, त्याचा हा लेखी पुरावाच होय.

खर्चाच्या कलमांची व्याख्या मात्र इ. स. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें केली. अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण आणि वैद्यकीय शुश्रूषा व उपचार यांची तरतूद म्हणजे निर्वाह, आणि अविवाहित मुलीच्या बाबतींत तिच्या लग्नाचा व तदनुषंगिक वाजवी खर्चहि त्यांत येतो, असें त्यांत म्हटलें आहे. रक्कम ठरवितांना उभय पक्षांची स्थिति व दर्जा, मागणाराच्या वाजवी गरजा आणि हक्कदारांची संख्या हीं पाहावीं, असेंहि सांगितलें आहे. जबाबदारीहि बाप व आई या दोघांवर ठेविली आहे. पुष्कळ लोक ही व्याख्या सर्वस्वीं नवी समजतात. आमचें म्हणणें असें कीं, यांतलें बहुतेक प्रत्येक कलम जुन्या ग्रंथांत विखुरलेलें सांपडतें. अन्न व वस्त्र ग्रासाच्छादनांत आहे, निवास गृहीत आहे व शरेंत तो स्पष्ट आहे, दुखण्याचा खर्च कौटिल्यांत आहे, विद्येचा काळ मनूंत आहे, आणि मुलीच्या लग्नाचा खर्च याज्ञवल्क्यांत आहे. नवें जें आहे तें एवढेंच कीं, तीं कलमें एका जागीं आलीं व आईवरहि भार आला. शिवाय पुढील निर्वाहाचा हक्क जप्त करतां येत नाहीं, हें दिवाणी व्यवहारसंहितेचें तत्त्व कौटिल्याच्या त्या कर्जमुक्त ठेवीच्या कल्पनेशीं जुळतें, हेंहि नमूद करण्यासारखें आहे.

या सर्व विवेचनाचा संग्राहकांस उपयोग काय, तें सांगून हा लेख पुरा करूं. कोठें अन्नवस्त्र किंवा बालपरवेशी हा शब्द आढळला, तर सहा गोष्टी शोधाव्या : नित्याचें अन्न व वस्त्र, राहण्याची जागा, मूल संभाळणारीचा किंवा दाईचा खर्च, दुखण्याचा खर्च, विद्येचा खर्च आणि मुंज-लग्नादि संस्कारांचा खर्च. जीं कलमें मूळ कागदांत नसतील, तीं त्याच घराच्या यादींत, खतावणींत किंवा सुट्या चिठ्ठींत असण्याचा संभव फार. परंतु आमच्या संग्राहकांची रीत अशी कीं, रुमाल सोडला म्हणजे शिक्क्याची सनद तेवढी जपून ठेवावयाची आणि शिंपी, वैद्य, वाणी यांच्या देण्याचे कपटे रद्दी म्हणून बाजूस सारावयाचे. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड काढल्यापासून राजकारणाचे कागद कसे जपावे हें आपण शिकलों. घरांतल्या मुलांचे कागद जपण्याचें अद्याप शिकावयाचें आहे. सनदेवरून दात्यानें काय दिलें तें कळतें. मुलास त्यांतून काय मिळालें, तें त्या कपट्यांवरूनच कळेल. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील, त्यांनीं ते झाडून काढण्यापूर्वीं एकवार या दृष्टीनें वाचावे, एवढीच आमची विनंती आहे.